दोन गोळ्यांच्या मधले आठवडे

डॉक्टरांच्या चिठ्ठीवर हा बदल दिसायला अगदी छोटा असतो. गेल्या महिन्यापर्यंत ‘ओलान्झापिन १०, ०-०-१’ एवढी एकच ओळ होती. आज तिच्याखाली ‘अ‍ॅरिपिप्राझोल १०, १-०-०’ अशी दुसरी ओळ आली आहे आणि जुन्या ओळीशेजारी गिचमिड अक्षरात ‘दोन आठवड्यांनी अर्धी’ असा शेरा आहे. ओपीडीबाहेर रांग असते, विचारायचं ते राहून जातं. चिठ्ठी मेडिकलवाल्यापुढे धरायची, पट्ट्या पिशवीत टाकायच्या आणि घरी यायचं. पुढच्या तारखेपर्यंतचे चार-सहा आठवडे मात्र घरातच काढायचे असतात. स्किझोफ्रेनियाच्या उपचारातला सगळ्यात नाजूक काळ पुष्कळदा हाच असतो.

या दिवसांत घराघरांत जो गोंधळ होतो, त्यातला बराचसा एकाच गैरसमजातून होतो. नवी गोळी सुरू झाल्यावर जे काही घडेल ते तिच्यामुळेच घडलं, असं सगळे धरून चालतात. प्रत्यक्षात शरीरात एकाच वेळी दोन गोष्टी चालू असतात. एक औषध भरत असतं, दुसरं ओसरत असतं आणि दोघांची चाल वेगळी असते. झोप उडते, मळमळतं, घाम फुटतो, जीव कासावीस होतो. यातलं बरंचसं जाणाऱ्या औषधाचं देणं असतं, पण बोल येणाऱ्याला लागतो. मग तिसऱ्या आठवड्यात घरातलं कुणीतरी ‘हे नवीन काही मानवलं नाही’ असा निकाल देऊन टाकतं आणि पट्टी कपाटात जाते. कधी कधी जुनीही तिच्या सोबतच जाते.

औषध बदलावं लागणं यात अपयश असं काही नाही. अमेरिकेत ‘केटी’ या नावानं ओळखल्या जाणाऱ्या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २००५ साली प्रसिद्ध झाले. त्यात ५७ ठिकाणचे जवळपास १,५०० रुग्ण होते. अठरा महिन्यांच्या आत त्यातल्या ७४ टक्के लोकांचं सुरुवातीला मिळालेलं औषध सुटलं होतं. कुणाला गुण आला नाही, कुणाला त्रास झाला, तर अनेकांनी स्वतःच नको म्हटलं. जुन्या पिढीतलं परफेनाझिन हे स्वस्त औषध त्या अभ्यासात बऱ्याच नव्या औषधांच्या बरोबरीनं टिकलं, हेही सांगायला हवं. नवं म्हणजे चांगलं हा हिशेब इथे चालत नाही. १९५२ साली पॅरिसच्या सेंट-आन रुग्णालयात जाँ दले आणि पिएर देनिकर यांनी क्लोरप्रोमाझिन वापरायला सुरुवात केली. तेव्हापासून या गटात डझनावारी औषधं आली. पण अमुक माणसाला अमुक औषध लागू पडेल हे आधी सांगणारी तपासणी अजून आलेली नाही. त्यामुळे देऊन बघायचं, थांबायचं, नाहीतर बदलायचं, हीच रीत आहे.

बदलाची कारणं मात्र सारखी नसतात आणि त्यावरच घाई किती करायची हे ठरतं. दोन वेगवेगळी औषधं पुरेशा मात्रेत, प्रत्येकी निदान सहा आठवडे देऊनही आवाज ऐकू येणं किंवा संशय कमी होत नसेल, तर क्लोझापिनचा विचार करायचा, हा जगभर मान्य असलेला संकेत आहे. आवाज थांबलेत पण वर्षभरात पंधरा किलो वजन वाढलं, साखर वाढली, हे दुसरं कारण. हात थरथरतात, चेहरा मुखवट्यासारखा झाला, हे तिसरं. गोळी रोज घेणं जमत नाही म्हणून महिन्याच्या इंजेक्शनकडे वळणं, हेही एक. आणि एक कारण असं, की ज्याचा रुग्णाच्या प्रकृतीशी काही संबंधच नसतो: सरकारी दवाखान्यात ते औषध या महिन्यात आलेलंच नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार अत्यावश्यक यादीतली औषधं सामुदायिक आरोग्य केंद्रापासून वरच्या सरकारी दवाखान्यांत मोफत आणि सदैव मिळायला हवीत. काउंटरवर ‘स्टॉक नाही’ हे उत्तर मिळालं तर कायद्यातलं हे कलम माहीत असलेलं बरं. निव्वळ तुटवड्यापायी नीट चाललेलं औषध बदलणं यासारखा वाईट सौदा नाही.

काही वेळा बदल लांबणीवर टाकण्यातच शहाणपण असतं. माणूस नुकताच मोठ्या झटक्यातून सावरला असेल, तर निदान काही महिने त्याची घडी विस्कटू नये. घरात लग्न, परीक्षा, बदलीचं गाव असं काही तोंडावर असेल तरीही नाही. आपल्याकडे नेमकं उलट होतं. मुलीचं स्थळ बघायचं ठरलं की वजन कमी व्हावं म्हणून गोळी बदलून द्या, अशी गळ डॉक्टरांना घातली जाते. म्हणजे पाहुणे, जागरणं, ताण या सगळ्याच्या ऐन मध्यावर औषधाची अदलाबदल! मागणी समजण्यासारखी आहे, वेळ मात्र अगदी चुकीची.

आता शरीरात काय चालतं ते पाहू. या औषधांचं मुख्य काम मेंदूतल्या डोपामिन या रसायनाच्या ग्राहकांना, म्हणजे रिसेप्टरना, अडवून धरणं. साधारण ६५ ते ८० टक्के ग्राहक अडले की गुण येतो. ८० च्या वर गेलं की ताठरपणा, कंप सुरू होण्याची शक्यता वाढते. पण बहुतेक औषधं एवढ्यावर थांबत नाहीत. ओलान्झापिन आणि क्लोझापिन हिस्टामिनचे ग्राहकही अडवतात, म्हणून झोप येते आणि भूक खवळते. अ‍ॅसिटिलकोलिनचे अडवतात, म्हणून तोंड कोरडं पडतं, पोट साफ होत नाही. वर्षानुवर्षं अशी अडवणूक सोसलेलं शरीर त्या मानानं जास्त संवेदनशील होऊन बसतं. एके दिवशी ती अडवणूक अचानक उठवली की उसळी येते: रात्ररात्र डोळ्याला डोळा लागत नाही, उलट्या, घाम, अस्वस्थता. डोपामिनच्या बाबतीत अशी उसळी आली तर आजारच उफाळल्यासारखा दिसतो.

म्हणून बहुतेक वेळा डॉक्टर जुनं औषध एकदम तोडत नाहीत. नवा राखणदार जागेवर नीट उभा राहिल्याशिवाय जुन्याला सुट्टी द्यायची नाही, असा तो प्रकार असतो. ओलान्झापिनवरून अ‍ॅरिपिप्राझोलवर जाताना नवं औषध पूर्ण मात्रेपर्यंत नेतात, काही दिवस दोन्ही चालू ठेवतात आणि मग जुनं पायरीपायरीनं उतरवतात. याला कारण आहे. अ‍ॅरिपिप्राझोलचं रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायला साधारण ७५ तास लागतात. अशा संथ औषधाची पातळी स्थिरावायला दोन आठवडे जातात. क्वेटियापिनचं तेच काम सातेक तासांत होतं. त्यामुळे अ‍ॅरिपिप्राझोल सुरू केल्यावर चौथ्या दिवशी ‘काही फरक नाही’ म्हणण्याला अर्थ नसतो आणि क्वेटियापिनची रात्रीची गोळी चुकली तर त्याच रात्री झोप उडून ते कळून येतं.

उतरवण्यातही एक खोच आहे. मात्रा आणि परिणाम यांचं नातं सरळ रेषेत नसतं. दहा मिलिग्रॅमवरून पाचवर आल्यावर मेंदूतली अडवणूक थोडीशीच कमी होते. पाचवरून शून्यावर आल्यावर उरलेली सगळीच जाते. २०२१ मध्ये ‘स्किझोफ्रेनिया बुलेटिन’मध्ये मार्क हॉरोविट्झ आणि सहकाऱ्यांनी याच आधारावर सुचवलं, की शेवटच्या पायऱ्या जास्त छोट्या आणि जास्त सावकाश असाव्यात. घरातला अनुभव याला जुळतो. अर्ध्या गोळीवर येईपर्यंत सगळं सुरळीत असतं, म्हणून उरलेली अर्धी ‘आता काय तिचं’ म्हणून एकदम बंद होते आणि आठवड्याभरात झोप जाते.

इंजेक्शनची गोष्ट याहून फसवी. फ्लुफेनाझिन डेकॅनोएटसारखं तेलातलं इंजेक्शन स्नायूत साठून राहतं आणि शेवटच्या टोचणीनंतरही कितीतरी आठवडे झिरपत असतं. इंजेक्शन थांबवून महिना झाला, काही बिघडलं नाही, म्हणजे गरजच नव्हती, असं घरच्यांना वाटतं. औषध अजून अंगात आहे हे ध्यानात येत नाही. औषध चालू ठेवलेले आणि बंद केलेले रुग्ण यांची तुलना करणाऱ्या ६५ चाचण्यांचा एकत्रित आढावा २०१२ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. वर्षाच्या अवधीत आजार उलटण्याचं प्रमाण औषध घेणाऱ्यांत २७ टक्के, तर नकली गोळी घेणाऱ्यांत ६४ टक्के निघालं. बदल करताना मध्ये पोकळी राहू नये, असा आग्रह असतो तो या आकड्यांमुळे.

आणखी एक घोळ आकड्यांचाच. ‘आधी पाचची गोळी होती, आता एकदम तीनशेची दिली, म्हणजे आजार वाढला का?’ हा प्रश्न कुठल्याही औषधाच्या दुकानात ऐकायला मिळेल. मिलिग्रॅमचे आकडे औषधाऔषधांत तुलनेचे नसतातच. तज्ज्ञांच्या ढोबळ हिशेबानं ओलान्झापिन २०, रिस्पेरिडोन ६, हॅलोपेरिडॉल १०, क्लोझापिन ४०० आणि क्वेटियापिन ७५० मिलिग्रॅम ही साधारण सारख्या वजनाची माणसं. एवढं आधी सांगितलं तर चिठ्ठी पाहून आईच्या पोटात गोळा येणार नाही.

एक काल्पनिक घर डोळ्यांपुढे आणू. कुठल्याही मनोविकारतज्ज्ञाला ते ओळखीचं वाटेल. सांगलीकडचं कुटुंब, चौतिशीचा मुलगा, आई आणि धाकटी बहीण. मराठवाड्यापासून मुंबईपर्यंतच्या स्वमदत गटांत आता अशा माणसाला शुभार्थी आणि त्याची काळजी घेणाऱ्याला शुभंकर म्हणतात, तेच शब्द इथे वापरू. शुभार्थीचं औषध वजनापायी बदललं आहे. दहाव्या दिवशी तो स्वयंपाकघरापासून दारापर्यंत येरझाऱ्या घालायला लागतो. जेवायला बसला की दोन घास खाऊन उठतो. टीव्हीपुढे उभा राहून वजन या पायावरून त्या पायावर टाकत राहतो. आई हळूच म्हणते, ‘‘पुन्हा सुरू झालं गं याचं.’’ फोनवर डॉक्टरांना सांगायचं वाक्यही हेच असतं: अस्वस्थ आहे, ऐकत नाही, येरझाऱ्या घालतोय. हे ऐकून कुणीही आजार उलटतोय असं समजेल आणि गोळी वाढवेल. आणि गोळी वाढली की येरझाऱ्या वाढतील.

बहीण त्याच्या शेजारी जाऊन विचारते, ‘‘दादा, मन बसू देत नाहीये की पाय?’’

‘‘पाय,’’ तो म्हणतो. ‘‘आतून कुणीतरी ढकलतंय असं होतं. डोक्यात काही नाही.’’

या एका उत्तरानं उपचाराची दिशा बदलू शकते. याला अकॅथिसिया म्हणतात. तो औषधाचा दुष्परिणाम असतो, आजाराचा नव्हे, आणि अ‍ॅरिपिप्राझोल, रिस्पेरिडोन, हॅलोपेरिडॉल या सगळ्यांत तो दिसू शकतो. मात्रा कमी करून किंवा प्रोप्रॅनोलॉलसारखं औषध जोडून तो बऱ्याचदा आटोक्यात येतो. पण तो असह्य असतो. त्या तगमगीत जिवाचं बरंवाईट करण्याचे विचारही येऊ शकतात. म्हणून तो ‘बघू पुढच्या तारखेला’ असं म्हणून ठेवून देण्याचा विषय नाही.

त्या घरात स्वयंपाकघराच्या भिंतीवर गॅस सिलिंडरच्या तारखांचं कॅलेंडर आहे. बहीण त्याच्या चौकोनांत तीनच गोष्टी लिहिते: किती तास झोप, सकाळची-रात्रीची गोळी घेतली का, आणि दादा स्वतः दिवसाला दहापैकी किती गुण देतो. बदलाच्या तारखेभोवती गोल. पाच आठवड्यांनी ते पान फाडून ओपीडीत नेलं की डॉक्टरांना पाच मिनिटांत जे कळतं, ते ‘बरा आहे पण तसा बरा नाही’ या वाक्यातून अर्ध्या तासातही कळत नाही. वजन आणि कमरेचा घेर बदलाआधी एकदा मोजून ठेवलेला चांगला. आपल्याकडे पुरुषांत ९० आणि बायकांत ८० सेंटिमीटरच्या वर घेर गेला की डॉक्टर सावध होतात. उपाशीपोटीची साखरही त्याच वेळी बघून घेतात.

हॅलोपेरिडॉलसारख्या जुन्या औषधांवरच्या बहुतेकांना सोबत आणखी एक छोटी गोळी चालू असते, ताठरपणा आणि कंप यांवरची ट्रायहेक्सिफेनिडिल. जुनं औषध बंद झालं की ही पण बंद, असा सरळ हिशेब मनात येतो. पण जुन्या औषधाचा अंमल काही दिवस राहतो, तोपर्यंत हिचीही गरज असते. ती अचानक थांबवली तर मान वाकडी होणं, जबडा आखडणं यापासून मळमळीपर्यंत काहीही होऊ शकतं. उलट वर्षानुवर्षं ती विनाकारण चालू राहिली तर स्मरणशक्ती मंदावते. तेव्हा चिठ्ठीवरच्या या दुय्यम ओळीबद्दलही ‘ही केव्हापर्यंत?’ असं विचारून घ्यावं.

आता थोडं चहाविषयी. औषध घ्यायला नकार देणाऱ्या माणसाला न सांगता ते जेवणातून, चहातून देणं आपल्याकडे किती घरांत चालतं हे डॉक्टरांना ठाऊक असतं. रिस्पेरिडोनचे थेंब त्यासाठी सोयीचे वाटतात. गंमत अशी, की त्याच द्रव औषधाच्या माहितीपत्रकात ते चहात किंवा कोलात मिसळू नये असं स्पष्ट लिहिलेलं असतं. पाणी, कॉफी, संत्र्याचा रस चालतो; चहा चालत नाही. आईनं जिवाच्या आकांतानं चहात टाकलेले थेंब म्हणजे कितपत औषध पोटात गेलं याची काहीच खात्री नाही. त्याहून मोठी अडचण वेगळी. ज्याला आपण औषध घेतोय हेच माहीत नाही, तो औषधाचा त्रास कसा सांगेल? पायांत तगमग झाली तर त्याला वाटेल, कुणीतरी काहीतरी घालतंय आपल्याला. आणि यावेळी त्याचा संशय खरा असतो! चोरून दिलेल्या औषधाची अदलाबदल घरच्यांनी घरच्या घरी करणं तर अगदीच धोक्याचं. हे डॉक्टरांना मोकळेपणानं सांगणं हाच त्यातला मार्ग आहे, मग ऐकायला कितीही कानकोंडं वाटो.

विडी-सिगारेटचा मुद्दा बहुतेकांना माहीतच नसतो. तंबाखूच्या धुरातले घटक यकृतातलं एक विकर जोमात आणतात आणि तेच विकर क्लोझापिन व ओलान्झापिनचा निचरा करतं. त्यामुळे विडी ओढणाऱ्याच्या रक्तात औषध कमी उरतं. माणूस रुग्णालयात भरती झाला, तिथे विडी बंद झाली, की आठवड्याभरात क्लोझापिनची पातळी दीडपट किंवा जास्त चढू शकते: सुस्ती, लाळ, कधी फिटसुद्धा. घरी येऊन पुन्हा विडी पेटली की पातळी घसरते आणि ‘घरी आल्यावर बिघडला’ असा शेरा मिळतो. हे निकोटिनमुळे नाही, धुरामुळे होतं. म्हणून तंबाखू मळून तोंडात धरणाऱ्याला हा नियम लागू नाही. त्याचे धोके वेगळे आहेत, पण क्लोझापिनचा हिशेब त्यानं बदलत नाही. विडी सोडायची तर जरूर सोडावी, फक्त डॉक्टरांना तारीख सांगून.

उपासाचंही तसंच. ल्युरासिडोन किमान ३५० कॅलरींच्या जेवणासोबत घ्यायची असते. रिकाम्या पोटी घेतली तर निम्म्याच्या आसपासच शोषली जाते. श्रावणी सोमवारी दिवसभर पाणी आणि एखादं केळं यांवर राहणाऱ्या बाईंची गोळी त्या दिवशी अर्धी वाया जाते. साबुदाण्याच्या खिचडीची भरलेली ताटली मात्र चालते. उपास मोडायचं कारण नाही, गोळीची वेळ फराळाशी जुळवली की झालं.

बायकांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आधी बोलायची राहून जाते. रिस्पेरिडोन आणि अमिसुलप्राइडनं प्रोलॅक्टिन हे संप्रेरक वाढतं, पाळी लांबते किंवा थांबतेच. अ‍ॅरिपिप्राझोलवर गेल्यावर प्रोलॅक्टिन खाली येतं, पाळी परत सुरू होते आणि तिच्यासोबत गर्भधारणेची शक्यताही. कित्येक जोडप्यांना ती बातमी अनपेक्षितपणे कळते. ओपीडीत सासूसमोर हा विषय निघत नाही, म्हणून डॉक्टरांनी किंवा नर्सनं बाईशी दोन मिनिटं एकटीशी बोलायला हवं.

क्लोझापिनवर जाणं हा बदल इतर सगळ्या बदलांपेक्षा वेगळा. १९७५ साली फिनलंडमध्ये हे औषध घेणाऱ्या काही रुग्णांच्या पांढऱ्या पेशी कोसळल्या आणि त्यातले आठ जण दगावले. औषध अनेक देशांतून मागे घेतलं गेलं. १९८८ मध्ये जॉन केन यांच्या चमूनं दाखवलं, की दुसऱ्या कशानंच न सुधारलेल्या २६८ रुग्णांमध्ये क्लोझापिननं ३० टक्के सुधारले, तर क्लोरप्रोमाझिननं फक्त ४ टक्के. रक्ततपासणीची अट घालून ते परत आलं. सुरुवातीचे १८ आठवडे दर आठवड्याला पेशी मोजायच्या, पुढे अंतर वाढवत न्यायचं, अशी पद्धत बऱ्याच देशांत आहे. ताप किंवा घसा धरला की ‘हवा बदलली’ न म्हणता त्याच दिवशी रक्त तपासायचं. पहिल्या महिन्यात छातीत दुखलं, धडधड वाढली तरी तेच. बद्धकोष्ठ इथे किरकोळ तक्रार नसते; आतडं थांबून माणूस दगावू शकतो, म्हणून रोज पोट साफ झालं का हे विचारण्यात संकोच नको. आणि ४८ तासांहून जास्त खंड पडला तर जुन्या मात्रेवरून परत सुरू करायचं नाही; पुन्हा साडेबारा मिलिग्रॅमपासून चढायचं. गावी गेलो, गोळ्या राहिल्या, आल्यावर दोन जास्त घेतल्या, असं क्लोझापिनच्या बाबतीत चालत नाही.

एलिन सॅक्स या लॉस एंजेलिसमधल्या कायद्याच्या प्राध्यापक. त्यांना स्किझोफ्रेनिया आहे आणि त्यांनी २००७ साली आत्मचरित्रात ते जाहीरपणे लिहिलं. जुन्या औषधाची मात्रा कमी करत ते सोडून द्यायचे त्यांचे प्रयत्न वर्षानुवर्षं चालले आणि दर वेळी त्या कोसळल्या. नंतर औषध बदललं, ओलान्झापिन सुरू झालं, आणि डोकं इतकं निवळलं की इतर माणसांच्या मनात असे विचार सतत नसतात, हे त्यांना तेव्हा पहिल्यांदा उमगलं. पुढे त्या क्लोझापिनवर गेल्या. औषध नको म्हणणाऱ्या माणसाला उपदेशानं जे पटत नाही, ते कधी कधी नेमकं औषध मिळाल्यावर आपोआप पटतं. म्हणून ‘हा औषधच घेत नाही’ या तक्रारीमागे ‘हे औषध याला सोसत नाही’ असं आहे का, हे आधी तपासायला हवं.

आजार खरोखर उलटतोय हे कसं ओळखायचं? ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ मॅक्स बर्चवुड यांनी दाखवून दिलं, की प्रत्येकाच्या बाबतीत झटक्याआधीच्या खुणांची स्वतःची अशी एक माळ असते आणि ती बऱ्याच अंशी दर वेळी तीच असते. कुणी पहाटे तीनला उठून कपाट आवरायला लागतो. कुणी दाढी सोडतो, कुणी मोबाइल बंद करून पिशवीत गुंडाळून ठेवतो. बदलाच्या आधी, माणूस बरा असताना, त्याच्यासोबत बसून ही माळ कागदावर उतरवली तर निम्मं काम होतं. शुभार्थी स्वतःच सांगतो, ‘मी असं करायला लागलो तर डॉक्टरांना फोन करा.’ २०१७ च्या कायद्यानं याला चौकटही दिली आहे: आजारी पडल्यास आपल्यावर कसे उपचार व्हावेत हे आगाऊ लिहून ठेवता येतं आणि आपल्या वतीनं बोलणारा प्रतिनिधीही नेमता येतो. अंग ताठ, भरपूर ताप आणि भान हरपलेलं, किंवा आवाज जीव द्यायला सांगताहेत, असं दिसलं तर मात्र यादी, फोन काही नाही, सरळ रुग्णालय.

या आठवड्यांत घरातला सूरही औषधाइतकाच महत्त्वाचा ठरतो. लंडनमध्ये जॉर्ज ब्राऊन आणि नंतर ज्युलियन लेफ यांनी दाखवलं, की सतत टोचून बोलणारी किंवा अतिकाळजीनं गुदमरवणारी घरं असतील तिथे आजार जास्त वेळा उलटतो. हेच मोजमाप चंदीगडमध्ये केल्यावर १९८७ च्या निष्कर्षांत तिथल्या कुटुंबांत असा टोचरेपणा लंडनपेक्षा बराच कमी आढळला. त्यावर फार खूश होण्याचं कारण नाही. ‘गोळी घेतलीस का?’ हा प्रश्न दिवसातून सात वेळा विचारणारी मराठी घरं कमी नाहीत. एकदा विचारावं, कॅलेंडरवर खूण करावी आणि विषय बदलावा.

शुभंकरालाही बोलायला जागा लागते. कॅनडात स्थायिक झालेले डॉ. जगन्नाथ वाणी यांनी पत्नीच्या आजाराच्या अनुभवातून पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी केली. २००४ चा ‘देवराई’ हा चित्रपटही त्यांच्याच पाठबळानं झाला. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांच्या ‘आयपीएच’ या मानसिक आरोग्य संस्थेचं काम आहे. अशा गटांत ‘आमच्याकडेही दुसऱ्या आठवड्यात असंच झालं होतं’ हे एक वाक्य ऐकून परतणाऱ्या आईला त्या रात्री झोप लागते. मध्यरात्री कुणाशी तरी बोलावंसं वाटलं, तर टेलिमानसची १४४१६ ही सरकारी हेल्पलाइन २०२२ पासून चोवीस तास आहे आणि मराठीतही आहे.

एक शेवटचा घोळ, जो वाईट चाललं म्हणून नाही तर चांगलं चाललं म्हणून होतो. जुनं औषध अर्ध्यावर आलं आहे, नवं पूर्ण मात्रेवर आहे आणि शुभार्थी हसतोय, बोलतोय, बहिणीसोबत बाजारात जाऊन येतोय. घरचे म्हणतात, आता याला हात लावू नका. डॉक्टरांनाही मोह होतो, किंवा पुढच्या वेळी ओपीडीत दुसरेच डॉक्टर असतात आणि ते दोन्ही ओळी तशाच उतरवून देतात. अदलाबदल अर्ध्यात अडकते. दोन औषधं वर्षानुवर्षं चालू राहतात, दुष्परिणामही दोघांचे, आणि सुधारणा नव्या एकट्या गोळीची होती की दोघींची, हे कधीच कळत नाही. ज्या वजनासाठी बदल सुरू केला ते तर तसंच राहतं. ते टाळायचं तर पहिल्याच दिवशी चिठ्ठीवर जुन्या गोळीपुढे तिच्या शेवटच्या दिवसाची तारीख लिहून मागावी. बदल करावाच लागला तर ती तारीख पुढे ढकलता येते. घरातल्या उरलेल्या जुन्या पट्ट्या त्या तारखेनंतर औषधाच्या डब्यातून काढाव्यात, आणि पुढच्या भेटीत चिठ्ठीवर ती ओळ पुन्हा दिसली, तर ‘ही अजून का?’ असं विचारावं.